हाक मारण्याचं शिक्षण

आपल्या मराठीत ‘ओ देणं’ असा एक छोटासा शब्दप्रयोग आहे. आईनं दारातून नाव घेऊन हाक मारली की अंगणात खेळणारं पोर जिथं असेल तिथून ‘ओ’ म्हणतं. त्या एका अक्षरात पुष्कळ काही येतं. मी ऐकलं, हाक मलाच होती हे मला कळलं आणि कळलं असं मी तुला कळवतो आहे. ऐकणं, कळणं आणि कळवणं अशा या तीन पायऱ्या. धडधाकट माणूस त्या एका दमात चढतो, म्हणून त्या तीन आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. पण मेंदूला मार बसून महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या माणसाला हाक मारली आणि ओ आली नाही, तर नेमकं अडलं कुठं? त्याला ऐकूच गेलं नाही, ऐकू गेलं पण कळलं नाही, की सगळं कळलं आणि सांगता मात्र येत नाही? हे ओळखणं ही एक विद्या आहे. ती आपोआप येत नाही, शिकावी लागते. आज त्या विद्येविषयी बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा, जुन्या नाशकात वाढलेला माणूस आहे. घरात एक आजारपण आलं, त्या निमित्तानं मी या विषयात शिरलो. डॉक्टरांना, परिचारिकांना प्रश्न विचारले, मिळेल ते वाचलं. जे नीट समजलं तेवढंच सांगतो.

आधी शब्दांचा गुंता सोडवू या. आपण सरसकट म्हणतो, ‘पेशंट कोमात आहे.’ पण कोमा ही अनेक अवस्थांपैकी एकच अवस्था. मराठीत आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत, ‘जाग’ आणि ‘भान’. डोळे उघडणं, झोपणं, पुन्हा उठणं म्हणजे जाग. आपण कोण, समोर कोण, काय चाललंय याची जाणीव म्हणजे भान. मेंदूत या दोन्हींची व्यवस्था बरीचशी वेगळी असते. जाग राखण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून चालतं. भानासाठी मात्र मेंदूचा वरचा भाग, आतला थॅलॅमस आणि त्यांना जोडणारे धागे हे सगळं एकमेकांशी बोलत राहावं लागतं. म्हणून एक शाबूत राहून दुसरं जाऊ शकतं.

आता अवस्था बघा. कोमात जागही नसते आणि भानही नसतं, डोळे मिटलेले असतात. ही स्थिती सहसा काही दिवस किंवा काही आठवडेच टिकते. त्यातून माणूस सावरतो, दगावतो, नाहीतर पुढच्या एखाद्या अवस्थेत जातो. दुसरी अवस्था अशी की डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्र सुरू होतं, श्वास आपला आपण चालतो, पण भानाची एकही खूण दिसत नाही. तिला १९७२ साली स्कॉटलंडचे ब्रायन जेनेट आणि अमेरिकेचे फ्रेड प्लम यांनी ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिलं. तिसरी अवस्था म्हणजे भान आहे, पण क्षीण आणि ये-जा करणारं. सकाळी आहे, दुपारी नाही. ‘मिनिमली कॉन्शस स्टेट’ म्हणून तिची व्याख्या २००२ साली केली गेली. आपण तिला ‘अल्पभान’ म्हणू या. चौथी अवस्था सगळ्यांत अंगावर काटा आणणारी. भान पूर्ण शाबूत असतं, पण शरीर कुलूपबंद. फक्त डोळे, पापण्या हलतात. फ्रान्समधले संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ साली पक्षाघातानंतर ही अवस्था आली. एका डाव्या पापणीच्या उघडझापीनं अक्षरं निवडत त्यांनी अख्खं पुस्तक सांगितलं. आणि ब्रेन डेड ही या सगळ्यांपेक्षा वेगळी गोष्ट. तिथं मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं आणि कायद्यानं तो मृत्यूच आहे.

ही नावं नुसती पुस्तकातली नव्हेत. अल्पभान असलेल्या माणसाला वेदना जाणवू शकते, म्हणून तिच्यावर औषध द्यावं लागतं. त्याच्या बरं होण्याची शक्यता दुसऱ्या अवस्थेतल्या माणसापेक्षा अधिक असते. त्याच्या खाटेशेजारी बोललेलं त्याच्या कानावर पडत असू शकतं. नाव चुकलं की उपचार चुकतात, नातेवाइकांचे निर्णय चुकतात, आणि एक माणूस आत बसून दार ठोठावत असताना बाहेरचे लोक घर रिकामं आहे असं समजून निघून जातात.

हे नाव किती वेळा चुकतं? १९९६ साली लंडनच्या कीथ अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेटिव्ह’ म्हणून पाठवलेल्या ४० रुग्णांची बारकाईनं तपासणी केली. त्यांतल्या १७ जणांना भान होतं. शंभरात त्रेचाळीस! त्या १७ पैकी बहुतेकांची दृष्टी गेलेली किंवा फार अधू होती. डोळ्यांनी पाठलाग करत नाही म्हणून भान नाही, असं ठरलं होतं. मुळात दिसतच नव्हतं, तर पाठलाग कशाचा करणार? २००९ साली बेल्जियममधल्या लिएज इथल्या कॅरोलिन श्नेकर्स आणि सहकाऱ्यांनी असंच काम केलं. डॉक्टरांच्या चमूनं एकमतानं व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ रुग्णांना ठरावीक पद्धतीनं तपासलं, तेव्हा १८ जण अल्पभानात निघाले. शंभरात एक्केचाळीस. मधल्या तेरा वर्षांत मेंदूची छायाचित्रं काढणारी यंत्रं कितीतरी सुधारली होती. तरीही चूक जवळपास तेवढीच राहिली, कारण ती यंत्राची नव्हतीच. ती खाटेजवळ उभं राहून तपासण्याच्या पद्धतीची होती.

आपल्याकडे अपघात विभागात सगळीकडे चालतं ते ‘ग्लासगो कोमा स्केल’. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीजडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ते तयार केलं. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३ गुण. डोक्याला मार लागलेला माणूस दारात आला की दोन मिनिटांत त्याची स्थिती सांगणारं हे साधन. त्यानं जगभर असंख्य जीव वाचवले आहेत. पण ते पहिल्या तासांसाठी, पहिल्या दिवसांसाठी आहे. त्यात डोळे आपोआप उघडे असले की चारपैकी चार गुण मिळतात. म्हणजे जाग मोजली गेली, भान तसंच राहिलं. घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण मिळणारच नाहीत. नजर कुणाचा पाठलाग करते का, हे तर त्यात विचारलेलंच नाही. अपघाताला तीन महिने उलटून गेल्यावर त्याच पट्टीनं मोजणं म्हणजे तापाच्या काडीनं वजन करण्यासारखं आहे.

माझा एक मावसभाऊ मुंबई-आग्रा रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. कोणत्या दवाखान्यात होता हे सांगण्यात अर्थ नाही, कारण असं कुठंही घडू शकतं. काही आठवड्यांनी त्याचे डोळे उघडले, पण नजर आरपार जायची. राउंडला आलेले डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्यानं त्याचं कागदावरचं नाव घ्यायचे, ‘हात उचला’ म्हणायचे, तीन-चार सेकंद थांबायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. डॉक्टर वाईट नव्हते. चाळीस खाटा आणि दोन हात, त्यात हे बसतं तेवढंच. फाइलमध्ये रोज तोच शेरा यायचा, ‘प्रतिसाद नाही.’

मग एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी त्याच्याकडे बघण्याआधी भाभीला प्रश्न विचारले. घरात कोणती भाषा बोलता? याला घरी काय म्हणून हाक मारतात? कामाचा हात उजवा की डावा? कानानं नीट ऐकू यायचं का? चष्मा होता का? चष्मा होता, जाड भिंगांचा. तो अपघाताच्या जागीच फुटला होता. बाईंनी आधी नवा चष्मा करवून आणला. झोपेचं औषध कोणतं आणि किती वाजता दिलं जातं, तेही पाहिलं आणि डॉक्टरांशी बोलून तपासणीची वेळ बदलून घेतली. मग हाताएवढा आरसा त्याच्या चेहऱ्यासमोर धरून सावकाश एका बाजूला नेला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नजर थोडी सरकली. त्या म्हणाल्या, ‘अजून कुणाला सांगू नका.’ चौथ्या दिवशी नजर आरशाबरोबर डावीकडे गेली आणि उजवीकडे परत आली. दोनदा. तेव्हा त्यांनी फाइलमध्ये लिहिलं.

हा काही चमत्कार नव्हता. तो पुन्हा कधी बोलला नाही. वर्ष-दीड वर्षानं गेला. पण त्या नोंदीनंतर पुष्कळ काही बदललं. आखडलेला हात सरळ करण्याआधी त्याला वेदनाशामक मिळू लागलं. बिलाच्या, जमिनीच्या गोष्टी त्याच्या उशाशी बोलणं बंद झालं. भाभी रोज संध्याकाळी खुर्ची ओढून त्याच्याशी बोलायची, आणि आपण भिंतीशी बोलत नाही हे तिला माहीत होतं.

त्या बाई ज्या पद्धतीनं तपासत होत्या, तिचं नाव ‘कोमा रिकव्हरी स्केल – रिव्हाइज्ड’. अमेरिकेतल्या जोसेफ जियासिनो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तिचं आजचं रूप प्रसिद्ध केलं. तिच्यात सहा भाग आहेत. ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंड आणि आवाज, संवाद आणि जाग. एकूण २३ गुण. पण त्या बेरजेपेक्षा माणूस कोणत्या पायरीवर पोहोचला, याला अधिक महत्त्व. एखादीच खूण, उदाहरणार्थ नजरेचा पाठलाग, दिसली तरी त्याची अवस्था वेगळी ठरते.

या पद्धतीत काय शिकावं लागतं ते सांगतो, कारण इथंच खरी मेख आहे. पहिली गोष्ट, आधी जागं करणं. पेंगत्या माणसाची परीक्षा घेता येत नाही. म्हणून चेहऱ्यापासून पायापर्यंत स्नायूंवर ठरावीक दाब देऊन त्याला जागं करतात. दुसरी, काही न विचारता नुसतं बघणं. त्याचा हात आपणहून किती वेळा हलतो, हे आधी मोजायचं. मिनिटात चार वेळा आपोआप हलणारा हात ‘हलव’ म्हटल्यावर हलला, तर त्याला ओ म्हणता येत नाही. तिसरी गोष्ट, तीच सूचना चार वेळा द्यायची आणि दर वेळी दहा-पंधरा सेकंद थांबायचं. चारपैकी तीन वेळा प्रतिसाद आला, तर तो धरायचा. दहा-पंधरा सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ लावून अनुभवून बघा. खाटेजवळ गप्प उभं राहिलं की ते फार लांब वाटतात. जखमी मेंदूला मात्र तेवढा वेळ लागतो. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतो, उत्तर निघतं आणि ते वाटेत असतानाच आपण पुढच्या खाटेकडे गेलेलो असतो.

चौथी गोष्ट, एकदा तपासून निकाल द्यायचा नाही. भान ये-जा करतं, म्हणून दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं, असं २०१७ साली लिएजच्याच अभ्यासकांनी दाखवून दिलं. पाचवी गोष्ट, समोर काय धरायचं. पेन, टॉर्च, बोट यांच्यापेक्षा आरसा परिणामकारक ठरतो. स्वतःचा चेहरा माणसाची नजर धरून ठेवतो. तसंच घंटेच्या आवाजापेक्षा स्वतःच्या नावाकडे डोकं अधिक वळतं.

इथं माझ्यातला भाषेचा माणूस थोडा पुढं येतो. स्वतःचं नाव म्हणजे कोणतं? आपल्याकडे कागदावर एक नाव असतं, घरात दुसरं. कुणी बाळू, कुणी मुन्नी, कुणी आबा. सत्तर वर्षांच्या आजीला ‘अहो शांताबाई’ म्हटलं तर ती वळेलच असं नाही, पण ‘अक्का’ म्हटलं तर वळेल, कारण आयुष्यभर ती त्याच नावाला वळत आली. आणि भाषा? नाशिक जिल्ह्यात मालेगावकडे उर्दू, सटाणा-बागलाणला अहिराणी, सुरगाणा-पेठेकडे कोकणी आणि इतर आदिवासी बोली, शहरात मराठी, हिंदी, गुजराती, मारवाडी, सिंधी. आमच्या घरात आई दखनी वळणाचं बोलायची आणि मी कविता मराठीत लिहितो. उद्या माझ्यावर अशी वेळ आली, तर मला कोणत्या भाषेत हाक मारावी, हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक? पेठ तालुक्यातल्या पोराला हिंदीत ‘आँखें बंद करो’ म्हणायचं आणि त्यानं डोळे मिटले नाहीत म्हणून भान नाही असं लिहायचं, यात परीक्षा नेमकी कुणाची झाली?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक्टरांना कमी दिसतं, तसं घरच्यांना जास्त दिसतं. तळहातावर बोट ठेवलं की मूठ मिटते. आई म्हणते, ‘यानं माझा हात धरला.’ तान्ह्या बाळाचीही मूठ अशीच मिटते, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. डोळ्यांत पाणी येणं, जांभई, कण्हणं, ओठांवर हसू उमटणं हे सगळं भान नसतानाही होऊ शकतं. आईला खोटं पाडायचं नाही. पण तिच्या आशेवर एखादा भोंदू दुकान मांडतो, घर विकायला लावतो, हेही आपण पाहतोच. म्हणून शिकलेला डोळा हवा. तो आईला विचारतो, ‘कधी दिसलं? तेव्हा तुम्ही काय म्हणत होता? पुन्हा करून बघू या का?’ घरच्यांनी मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, असं तज्ज्ञ आता सांगतात, ते याचसाठी. डॉक्टर दिवसात पाच मिनिटं असतात आणि आई सोळा तास. पाच मिनिटांत न आलेली ओ सोळा तासांत येऊन गेलेली असू शकते.

या विषयात महाराष्ट्राला एक नाव विसरता येत नाही, अरुणा शानभाग यांचं. कर्नाटकातल्या हळदीपूरहून मुंबईत येऊन परळच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका झालेल्या अरुणाताईंवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला. गळा आवळला गेल्यानं मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं, तोवर ४१ वर्षं त्या त्याच रुग्णालयात होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये तीन डॉक्टरांची समिती नेमली. टाटा मेमोरियलचे डॉ. जे. व्ही. दिवटिया, हिंदुजा रुग्णालयाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नीलेश शहा.

या तिघांनी काय केलं, ते आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. त्यांनी २८ जानेवारीला अरुणाताईंना स्वतः तपासलं, जुने कागद पाहिले आणि वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या परिचारिकांनाही विचारलं. आवडीचं अन्न, विशेषतः मासे आणि चिकन सूप, मिळालं की त्या खूश दिसतात, नावडतं थुंकून टाकतात, खोलीत गर्दी झाली की आवाज करतात, अशी निरीक्षणं अहवालात आली. त्या ब्रेन डेड नाहीत, कोमात नाहीत, आणि ‘परमनंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’चे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात, असं समितीनं सांगितलं. ‘सगळे’ असं म्हटलं नाही, ‘बहुतेक’ म्हटलं. त्या एका शब्दात प्रामाणिकपणा आहे. तपासणीचं चित्रणही न्यायमूर्तींनी न्यायालयात पाहिलं. ७ मार्च २०११ च्या निकालात अर्ज फेटाळला गेला आणि अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा पहिला अधिकार के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला गेला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. परिचारिकांना काय दिसत होतं आणि डॉक्टरांना काय दिसलं, हे दोन्ही एका अहवालात शेजारी-शेजारी ठेवलं गेलं. माझ्या मते तपासणीचा तो एक धडाच आहे.

पुढं कायदाही बदलला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. उपचार थांबवायचे की नाहीत, हे ठरवण्यासाठी आता रुग्णालयातच एक मंडळ बसतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरं मंडळ ते तपासतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. निर्णय शक्यतो ४८ तासांत द्यायचा. म्हणजे अरुणाताईंच्या वेळी दिल्लीहून आदेश निघून मुंबईतले तीन नामवंत डॉक्टर जे करत होते, ते काम आता कोणत्याही जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या वाट्याला येऊ शकतं. नाशिक, धुळे, नंदुरबार, कुठंही. निर्णय कोणताही होवो, तो ज्या तपासणीवर उभा राहणार ती नीट झाली आहे का, हा पहिला प्रश्न आहे.

आणि शास्त्र तर आणखी पुढं गेलं आहे. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी एका २३ वर्षांच्या तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवलं. बाहेरून तिचा काहीच प्रतिसाद नव्हता. ‘तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर,’ असं सांगितल्यावर तिच्या मेंदूत नेमके तेच भाग उजळले, जे तुमच्या-माझ्या मेंदूत उजळतील. २०२४ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सूचना दिल्यावर कोणतीही हालचाल न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या, म्हणजे दर चौघांतल्या एकाच्या, मेंदूनं आतून सूचना पाळली होती. हे कळल्यापासून ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिताना जगभरचे जाणते डॉक्टर थबकतात. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१८ सालच्या मार्गदर्शिकेत ‘परमनंट’ हा शब्दच बदलून ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकालीन असा शब्द सुचवला, कारण काही जण उशिरा का होईना, सावरतात. आणि औषध अगदीच नाही असंही नाही. २०१२ साली १८४ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत अमँटाडीन या जुन्या औषधानं, ते सुरू होतं तोवर, सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. अर्थात ते कुणाला द्यायचं, हे ठरवायलाही आधी तपासणीच हवी.

अशी संशोधनाची यंत्रं जिल्ह्याच्या रुग्णालयात उद्या येणार नाहीत, हे उघड आहे. पण आरसा आहे, घड्याळ आहे, आणि रुग्णाचं घरचं नाव सांगणारे नातेवाईक दाराबाहेर बसलेले आहेत. कमी आहे ती शिक्षणाची. २०१० साली नॉर्वेमध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हीच तपासणी अनुभवी माणसांनी केली तर त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी अधिक जुळतात आणि नवख्यांचे कमी. म्हणजे कागदावरचा तक्ता छापून वाटल्यानं भागत नाही. जाणत्याच्या शेजारी उभं राहून, एकाच रुग्णाला दोघांनी वेगवेगळं तपासून, गुण ताडून बघून हे शिकावं लागतं. तबल्याचा हात जसा गुरूसमोर बसून येतो, तसं हे आहे.

आपल्या नाशकातच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेलं. एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, अशा राज्यभरातल्या अनेक शाखांच्या परीक्षांची सूत्रं इथून हलतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांना मानाची जागा मिळाली. नातेवाइकांशी कसं बोलावं हे विद्यार्थी आता शिकतात, ही आनंदाची गोष्ट. जो बोलू शकत नाही त्याच्याशी कसं बोलावं, हा त्याच धड्याचा पुढचा भाग आहे. डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी तो एका खोलीत, एका खाटेभोवती एकत्र शिकावा, असं मला वाटतं, कारण त्या खाटेवरची माहिती तिघांत वाटली गेलेली असते. सूचनांचा नमुना मराठीत, अहिराणीत, उर्दूत, आदिवासी बोलींत तयार करायला मोठा खर्च येत नाही. त्या कामाला आम्ही लिहिणारी माणसं फुकट यायला तयार आहोत.

ही वेळ तुमच्यापैकी कुणाच्या घरी येऊ नये. पण आलीच तर एवढं करा. डॉक्टरांना घरचं नाव, घरची भाषा, चष्मा, कानाचं यंत्र, कामाचा हात यांची माहिती लेखी द्या. काही दिसलं तर वेळ लिहून ठेवा. कितीदा तपासलं, कोणत्या पद्धतीनं तपासलं, हे नम्रपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. आणि निदान काहीही असो, खाटेशेजारी बोलताना असं बोला की आत कुणी ऐकत असेल तर त्याला वाईट वाटू नये.

रेडिओवर बोलणाऱ्याला हे थोडं सवयीचं असतं. समोर फक्त मायक्रोफोन असतो, कुणी मान हलवत नाही, कुणी ओ देत नाही. तरी कुणीतरी ऐकतं आहे असं धरूनच आम्ही नीट, सावकाश, समजेल असं बोलतो. खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि परिचारिकेला तेवढं शिकवलं गेलं, आणि हाक मारून झाल्यावर पंधरा सेकंद थांबण्याची सवलत त्यांच्या कामाच्या वेळेत मिळाली, तर पुष्कळ घरांतली ओ ऐकू येऊ लागेल.